वेगाची सीमा आखणारा गणिती : क्लॉड शॅनन

वायरलेस जोडणीवर फाइल पाठवताना वेग का मंदावतो, हा आज घराघरांत पडणारा प्रश्न. त्याचे गणिती उत्तर १९४८ सालीच देऊन ठेवणाऱ्या एका अबोल, खेळकर शास्त्रज्ञाची ही जीवनकथा.

दिवाणखान्यातील संगणकावर लग्नसमारंभाचे चित्रीकरण साठवलेले असते आणि ते शयनगृहातील लॅपटॉपवर पाठवायचे असते. राऊटरच्या खोक्यावर भलामोठा वेग छापलेला असतो. पडद्यावरील पट्टी मात्र मुंगीच्या पावलाने सरकते. मग राऊटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, तो कपाटावर ठेवून पाहिला जातो, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दूरध्वनी होतो आणि अखेर कोणीतरी पेन ड्राइव्ह शोधू लागतो. शहरातील बहुतेक घरांनी हा अनुभव एकदा तरी घेतलेला आहे. या सगळ्या धडपडीत आपण एका अमेरिकन गणितज्ञाने आखून दिलेल्या सीमेशी झगडत आहोत, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. त्या गणितज्ञाचे नाव क्लॉड एलवूड शॅनन.

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी मिशिगन राज्यातील पेटॉस्की या गावी झाला. बालपण गेले जवळच्याच गेलॉर्ड या छोट्या गावात. वडील व्यापारी होते आणि काही काळ वारसाहक्काची प्रकरणे पाहणारे न्यायाधीशही होते. आई भाषाशिक्षिका आणि पुढे गावच्या माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका. थोरली बहीण कॅथरीन गणितात निपुण होती. ती धाकट्या भावाला गणिती कोडी घालत असे. गेलॉर्डच्या आसपास शेते पसरलेली होती आणि शेतांना काटेरी तारांची कुंपणे होती. शाळकरी क्लॉडने त्या कुंपणाच्या तारेचाच उपयोग करून सुमारे अर्ध्या मैलावर राहणाऱ्या आपल्या मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र जोडले. संदेश पोचवण्यासाठी मुद्दाम तार ओढावी लागत नाही, जे माध्यम हाताशी आहे त्यातूनच काम भागवता येते, हा त्या मुलाचा पहिला धडा होता. तारायंत्र कंपनीचा निरोप्या म्हणून त्याने गावात तारा वाटल्या, रेडिओ दुरुस्त करून पैसे मिळवले. थॉमस एडिसन हे त्याचे दैवत होते. एडिसन आपले दूरचे नातलग लागतात, हे त्याला पुढे कधीतरी कळले.

मिशिगन विद्यापीठातून १९३६ साली त्यांनी विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या. पुढे काय करावे हे ठरलेले नव्हते. विद्यापीठाच्या सूचनाफलकावर टाचलेली एक जाहिरात त्यांच्या दृष्टीस पडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, येथे व्हॅनेव्हर बुश यांनी बनवलेले एक अवाढव्य गणनयंत्र सांभाळण्यासाठी साहाय्यक हवा होता. शॅनन यांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. त्या यंत्रातील दांडे व चाके फिरून समीकरणे सुटत असत. मात्र त्याचे नियंत्रण करणाऱ्या विजेच्या रिलेंच्या जाळ्याकडे या तरुणाचे लक्ष अधिक वेधले गेले.

रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा खटका. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अशा हजारो रिलेंची गुंतागुंत असे आणि तिची रचना अनुभवी कारागीर अंदाजाने, चुकत-सुधारत करीत. इंग्लंडमधील जॉर्ज बूल यांनी १८५४ साली तर्काचे बीजगणित मांडले होते. त्यात विधान खरे असेल तर १ आणि खोटे असेल तर ० धरून आकडेमोड करता येत असे. उघडा खटका आणि बंद खटका म्हणजे हेच ० आणि १, हे शॅनन यांनी ओळखले. १९३७ साली लिहिलेल्या पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात त्यांनी रिलेंचे कोणतेही जाळे या बीजगणिताने मांडता व सोपे करता येते, तसेच अशी जाळी बेरीज-वजाबाकीही करू शकतात, हे दाखवले. तेव्हा त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. आजचा प्रत्येक संगणक त्या प्रबंधाच्या पायावर उभा आहे. पुढे १९४० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती मात्र अनुवंशशास्त्राच्या बीजगणितावर. हा विषय बुश यांनी सुचवला होता. तो प्रबंध कपाटात पडून राहिला आणि शॅनन यांनीही त्याचा पाठपुरावा केला नाही. एक प्रश्न सुटला की त्यातील त्यांचे कुतूहल संपत असे. ही सवय त्यांच्या कीर्तीला कितीदा मारक ठरली, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

युद्ध आणि गुप्तता

प्रिन्स्टन येथील एका वर्षानंतर १९४१ साली शॅनन बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, बेल लॅब्जमध्ये, दाखल झाले. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. शत्रूच्या विमानावर तोफ रोखताना विमान क्षणभरानंतर कोठे असेल याचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी काम केले. रडारकडून येणारी माहिती नेहमीच डळमळीत असे. त्या डळमळीत आकड्यांमधून विमानाचा खरा मार्ग वेगळा काढायचा होता. संकेत आणि त्यात मिसळलेला गोंगाट यांची फारकत कशी करायची, या प्रश्नाशी त्यांची गाठ अशी रणांगणाच्या निमित्ताने पडली.

दुसरे काम याहून गुप्त होते. अमेरिका आणि ब्रिटनचे नेते अटलांटिकपार सुरक्षितपणे बोलू शकावेत म्हणून बेल लॅब्जने आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून त्यावर सांकेतिक आवरण चढवणारी यंत्रणा उभारली होती. ती खरोखर अभेद्य आहे काय, हे गणिताने तपासणाऱ्यांत शॅनन होते. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग १९४३ च्या आरंभी काही आठवडे न्यूयॉर्कमधील याच प्रयोगशाळेत आले होते. दोघे दुपारच्या चहाला उपाहारगृहात भेटत. दोघेही गुप्तलेखनात बुडालेले होते, परंतु त्याविषयी एकमेकांशी अवाक्षर काढण्याची परवानगी दोघांनाही नव्हती. त्यामुळे विचार करू शकणारे यंत्र बनेल काय, यावर त्यांच्या गप्पा रंगत. गुप्तलेखनावरील शॅनन यांचा अहवाल १९४५ साली तयार झाला आणि गोपनीयतेच्या शिक्क्याखाली गेला. त्याचे प्रकट रूप १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या वर्षांत दिवसा सरकारी काम आणि रात्री घरी स्वतःचे चिंतन, असा त्यांचा क्रम होता. न्यूयॉर्कमधील लहानशा घरात ते कागदांवर काही लिहीत राहात. पहिला विवाह अल्पकाळातच मोडला होता. मित्रमंडळ मोजके. वरिष्ठांना या रात्रीच्या कामाची फारशी कल्पना नव्हती.

१९४८ चा निबंध

जुलै आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात शॅनन यांचा निबंध दोन भागांत छापून आला. संदेशवहनाचा एक गणिती सिद्धांत, असे त्याचे विनम्र शीर्षक होते. पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह तो पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा शीर्षकातील एक हा शब्द गळाला. तोवर अनेकांना कळून चुकले होते की असा दुसरा सिद्धांत नाही.

संदेशवहनाचा वेग ही तक्रार तशी नवी नव्हती. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल टाकली गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागला होता. संकेत क्षीण येतात म्हणून त्या केबलचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी विजेचा दाब वाढवत नेला आणि काही आठवड्यांतच केबल कायमची मुकी झाली. आपल्याकडे ट्रंक कॉलच्या काळात मंडळी दूरध्वनीच्या नळीत ओरडून बोलत, त्यातलाच हा प्रकार. ऐकू येत नसेल तर आवाज चढवा, हे मानवी मनाचे पहिले उत्तर असते. दुसरे उत्तर म्हणजे सावकाश बोला, तेच तेच पुन्हा सांगा. चूक टाळायची असेल तर वेग सोडावा लागणारच, आणि चूक शून्याजवळ न्यायची तर वेगही शून्याजवळ जाणार, अशी अभियंत्यांची १९४८ पर्यंत समजूत होती.

शॅनन यांनी ही समजूत खोटी ठरवली. त्यांच्यापूर्वी बेल लॅब्जमधील हॅरी नायक्विस्ट आणि राल्फ हार्टली यांनी १९२० च्या दशकात या दिशेने पाऊल टाकले होते आणि त्यांचे ऋण शॅनन यांनी निबंधाच्या आरंभीच मान्य केले. परंतु झेप त्यांची स्वतःची होती. प्रथम त्यांनी संदेशाचा अर्थ बाजूला सारला. प्रेमपत्र असो की बाजारभाव, यंत्राच्या दृष्टीने तो अनेक संभाव्य संदेशांपैकी निवडलेला एक संदेश असतो. ही निवड किती हो-नाही प्रश्नांत उलगडते, त्यावरून माहितीचे माप ठरते. या मापाच्या एककासाठी त्यांनी बिट हा शब्द वापरला. तो छापील निबंधात येण्याची ही पहिलीच वेळ, आणि शब्द सुचवल्याचे श्रेय त्यांनी जॉन टकी या सहकाऱ्याला दिले.

या चिमुकल्या शब्दानेच आजच्या अर्ध्या तक्रारी जन्माला घातल्या आहेत. इंटरनेटचा आणि राऊटरचा वेग बिटमध्ये छापतात. संगणक फाइलचा आकार बाइटमध्ये दाखवतो. आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. बाइट हा शब्द शॅनन यांचा नव्हे, तो १९५६ साली आयबीएम कंपनीत घडला. खोक्यावरील आकड्याला ८ ने भागले नाही तर वेग आठपटीने कमी भासतो आणि दोष नसलेल्या यंत्राला बोल लागतो. वेग मंदावल्याची शंका आली की सर्वांत आधी हा भागाकार करून पाहावा.

निबंधाचा गाभा मात्र पुढे आहे. प्रत्येक संदेशमार्गाला, मग ती तार असो वा हवेतील रेडिओलहरी, एक ठरावीक क्षमता असते. तिच्या खालच्या कोणत्याही वेगाने माहिती पाठवली तर योग्य सांकेतिक रचना वापरून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. तिच्या वरच्या वेगाने पाठवली तर कोणतीही युक्ती चालत नाही. या क्षमतेचे सूत्रही त्यांनी दिले. लहरींच्या पट्ट्याची रुंदी, म्हणजे बँडविड्थ, घ्यावी. संकेताची शक्ती गोंगाटाच्या किती पट आहे ते पाहावे. त्या गुणोत्तरात १ मिळवून त्याचा २ या पायावरील लॉगॅरिथम काढावा. आणि त्याने रुंदीला गुणावे. मार्गाचा कमाल वेग हाती येतो.

हे सूत्र घरातील वायरलेस जोडणीला लावून पाहण्यासारखे आहे. वायफायच्या एका साध्या चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ असते. लॅपटॉप राऊटरच्या शेजारी असून संकेत गोंगाटाच्या १,००० पट असेल तर क्षमता सेकंदाला सुमारे २०० मेगाबिट येते. दोन भिंतींपलीकडे संकेत गोंगाटाच्या १०० पट उरला तर ती सुमारे १३३ होते. आणि संकेत व गोंगाट बरोबरीला आले की अवघे २० मेगाबिट. ही झाली निसर्गाची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष उपकरण तिच्या खालीच राहते. लॉगॅरिथमचा अर्थ असा की आवाज चढवण्याचा लाभ फार थोडा. बऱ्यापैकी संकेत मिळत असताना राऊटरची शक्ती दुप्पट केली तरी या चॅनेलमध्ये फार तर २० मेगाबिटांची भर पडते. व्हाइटहाउस यांची चूक काय होती, ते या एका ओळीच्या सूत्राने ९० वर्षांनी सांगितले.

मग इलाज काय? पट्टा रुंद करणे हा एक. नव्या राऊटरमध्ये ४०, ८०, १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल असतात, पण रुंद पट्ट्यात गोंगाटही अधिक शिरतो आणि शेजाऱ्यांच्या पट्ट्यावर अतिक्रमण होते. अंतर कमी करणे हा दुसरा आणि बहुधा उत्तम उपाय. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की संकेत चौपट होतो. मुंबई-पुण्याच्या इमारतींत लोखंडी सळ्यांच्या भिंती असतात, तेथे राऊटर टीव्हीमागच्या कोपऱ्यातून उचलून घराच्या मध्यावर आणला तरी फरक दिसतो. तिसरा उपाय गोंगाट टाळण्याचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथची साधने वावरत असतात. शिवाय एकमेकांवर न चढणारे चॅनेल तेथे तीनच मांडता येतात, सामान्यतः १, ६ आणि ११. इमारतीतील सर्व राऊटर सहावर बसले असतील तर एकाने अकरावर जावे, किंवा ५ गिगाहर्ट्झचा प्रशस्त पट्टा धरावा. तो भिंतींपुढे मात्र लवकर नमतो.

एक गोष्ट सूत्रातही दिसत नाही आणि तीच पुष्कळांना छळते. दोन्ही संगणक वायरलेसवर असतील तर फाइल आधी राऊटरकडे जाते आणि मग दुसऱ्या संगणकाकडे. म्हणजे त्याच चॅनेलमधून दोनदा. वेग आपोआप निम्मा होतो. २००३ साली आलेल्या पिढीच्या राऊटरवर ५४ मेगाबिट लिहिलेले असे. परस्परांची पाळी सांभाळणे, पोच देणे यांत खर्च होऊन हाती २२-२४ च लागत. एका सीडीएवढी, ७०० मेगाबाइटची फाइल छापील वेगाने पावणेदोन मिनिटांत जायला हवी. प्रत्यक्षात सव्वाचार मिनिटे लागत आणि दोन्ही टोके वायरलेस असली तर साडेआठ. एका संगणकाला साधी केबल जोडली की अर्धा भार उतरतो. त्याच राऊटरवर दूरच्या खोलीत एखादे जुने, मंद उपकरण बोलत असेल तर पाळी त्यालाही मिळते, आणि ते आपले वाक्य संपवीपर्यंत बाकीचे ताटकळतात. असे उपकरण शोधून तात्पुरते बंद करून पाहिले की अनेकदा रोगाचे निदान होते.

शॅनन यांना यातील काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापुढे टेलिफोनच्या तारा होत्या. परंतु अर्थाला फाटा देऊन त्यांनी प्रश्न इतका मोकळा केला होता की उत्तर माध्यमाला बांधलेले राहिले नाही.

त्याच निबंधात भाषेतील पुनरुक्तीचाही विचार आहे. इंग्रजी मजकुरातील साधारण निम्मी अक्षरे आपण निवडत नाही, ती भाषेचे नियमच ठरवून टाकतात, असा अंदाज त्यांनी मांडला. पुढे ते पत्नी बेटी यांना रहस्यकथेतील उतारे अक्षर-अक्षर ओळखायला लावीत आणि तो अंदाज तपासत. मोडीतील जुनी दफ्तरे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळताही वाचता येतात, ती याच बळावर. फाइल झिप करताना ही पुनरुक्ती काढून टाकली जाते. आणि हवेतून पाठवताना चुका दुरुस्त व्हाव्यात म्हणून हिशेबाने दुसरी पुनरुक्ती घातली जाते. आधी काढायची आणि मग घालायची, हे वरवर विचित्र दिसते. पण काढलेली पुनरुक्ती आंधळी असते आणि घातलेली नेमकी.

खेळकर संशोधक

बेटी या बेल लॅब्जमध्येच गणनाचे काम करीत. त्यांच्याशी शॅनन यांचा विवाह १९४९ साली झाला. दोघांनी मिळून १९५० च्या सुमारास एक यांत्रिक उंदीर बनवला. चुंबकाच्या जोरावर तो चक्रव्यूहात फिरे, धडपडत वाट शोधी आणि दुसऱ्या वेळी न चुकता थेट पोचे. स्मरणशक्ती अर्थात उंदरात नव्हती, ती फरशीखालच्या रिलेंत होती. १९५० साली संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे यावर त्यांनी लेख लिहिला आणि त्या क्षेत्राचा पाया घातला. बेल लॅब्जच्या लांबलचक मार्गिकेतून एकचाकी सायकल चालवीत, कधी हातांनी चेंडू झेलत जाणारा हा गंभीर चेहऱ्याचा माणूस प्रयोगशाळेत दंतकथा बनला.

कीर्ती मात्र त्यांना मानवली नाही. मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत जो तो माहिती सिद्धांताचे नाव घेऊ लागला, तेव्हा १९५६ साली त्यांनी एका छोट्या टिपणात आपल्याच सिद्धांताच्या या वाजतगाजत निघालेल्या वरातीला आवर घालण्याचा सल्ला दिला. स्वतःच्या कामाचा डंका थांबवण्यासाठी लेखणी उचलणारे शास्त्रज्ञ विरळाच.

त्याच वर्षी ते एमआयटीत गेले आणि १९५८ मध्ये तेथे कायम प्राध्यापक झाले. बोस्टनजवळील विंचेस्टर येथे तळ्याकाठच्या मोठ्या घरात त्यांचे कुटुंब राहू लागले. घर म्हणजे कारखानाच होता. चेंडू झेलणारे यंत्र, रोमन आकड्यांत गणित करणारे यंत्र, आणि एक निरुपयोगी पेटी. तिची कळ दाबली की झाकण उघडून एक हात बाहेर येई, कळ बंद करी आणि परत आत जाई. एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञाबरोबर त्यांनी रूलेटच्या चक्राचा अंदाज बांधणारा, अंगावर बाळगण्याचा छोटा संगणक तयार केला आणि १९६१ साली दोघे सपत्निक लास व्हेगासला जाऊन आले. यंत्र अंदाज बरोबर देत होते. अडचण आली ती कानापर्यंत संकेत नेणाऱ्या केसासारख्या बारीक तारेची. ती सारखी तुटे. संदेशवहनाच्या आद्य सिद्धांतकाराला अखेर संदेशमार्गानेच दगा दिला.

१९६० नंतर त्यांचे प्रकाशित लेखन आटत गेले. त्यांच्या सिद्धांताने क्षमतेइतका वेग शक्य आहे हे सिद्ध केले होते, पण तो देणारी सांकेतिक रचना कशी बांधायची ते सांगितले नव्हते. ही उणीव भरून काढायला जगाला जवळजवळ अर्धे शतक लागले. त्यातील चटका लावणारी गोष्ट अशी की, त्यांच्याच विभागातील रॉबर्ट गॅलॅगर या विद्यार्थ्याने १९६० च्या प्रबंधात एक उत्तम रचना मांडली होती. त्या काळच्या संगणकांना ती पेलवण्याजोगी नव्हती, म्हणून ती सुमारे ३० वर्षे विस्मृतीत गेली. १९९३ साली क्लोद बेरू आणि आलँ ग्लाव्ह्यू या फ्रान्समधील संशोधकांनी टर्बो कोड नावाची रचना सादर केली. शॅनन-सीमेच्या इतक्या निकट आपण पोचलो आहोत, यावर परिषदेतील तज्ज्ञांचाही प्रथम विश्वास बसेना. त्यानंतर गॅलॅगर यांच्या प्रबंधावरील धूळ झटकली गेली. टर्बो कोड मोबाइल फोनच्या तिसऱ्या व चौथ्या पिढीत आले. गॅलॅगर यांची रचना २००९ च्या वायफाय मानकात समाविष्ट झाली आणि पाचव्या पिढीच्या फोनमध्येही आहे.

१९७८ साली शॅनन निवृत्त झाले. १९८५ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे माहिती सिद्धांताच्या परिषदेत एक पांढऱ्या केसांचा, संकोची गृहस्थ व्याख्यानांतून फिरताना दिसला. ते शॅनन आहेत ही बातमी कुजबुजत पसरली आणि सही घेणाऱ्यांची रांग लागली. रात्रीच्या भोजनानंतर बोलायला उभे राहिल्यावर, श्रोते कंटाळतील या धास्तीने त्यांनी खिशातून तीन चेंडू काढून झेलून दाखवले. त्याच वर्षी जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. गणितासाठी नोबेल नसते. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक १९६६ सालीच लाभले होते.

याच सुमारास घरच्यांच्या लक्षात काही गोष्टी येऊ लागल्या होत्या. ओळखीच्या दुकानातून घरी येताना ते वाट चुकत. नंतर साध्या आकडेमोडीत अडखळू लागले. निदान झाले अल्झायमरचे. बेटी यांनी शक्य तितकी वर्षे त्यांची घरीच शुश्रूषा केली, पुढे त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तेथेही ते एखादे यंत्र हाती आले की खोलून पाहात. बेटी रोज त्यांना भेटायला जात.

बाहेर नेमक्या याच काळात त्यांचे जग साकार होत होते. मोडेम घराघरांत पोचले, मोबाइल फोन आले, १९९९ मध्ये वायफाय हे नाव बाजारात आले, त्याच वर्षी नॅपस्टरमुळे सामान्य माणसे परस्परांना गाण्यांच्या फाइली पाठवू लागली. या सर्वांचा हिशेब ज्या बिटमध्ये होत होता, तो प्रचलित करणाऱ्याला मात्र आपण काय केले होते याचे स्मरण उरले नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्डमध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्या समारंभाला ते जाऊ शकले नाहीत. २४ फेब्रुवारी २००१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.